तक्त्यातली दुसरी ओळ

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी दारातल्या स्टुलावर बसून बुटाची नाडी सोडत होतो. पुतण्या म्हणजे आक्काच्या दिराचा मुलगा, आणि आक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण.

"काका, सोमवारी खोली रिकामी करून द्यायची आहे. मालक आता ऐकत नाही. मी वृद्धाश्रमात एक कॉट धरून ठेवलीय. आक्का तुमच्याकडे येणार असेल तर तसं सांगा, नाहीतर सोमवारी सकाळी मी तिला तिकडे सोडतो."

"बघतो," मी म्हणालो.

"मागच्या वेळीही बघतो म्हणालात."

"या वेळी नीट बघतो."

फोन ठेवला आणि दुसरा बूट पायात तसाच ठेवून बसून राहिलो. हल्ली असंच होतं. एक काम केलं की दुसऱ्यासाठी अंगात काही उरत नाही.

आक्काला मूलबाळ नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. शाळेचे गणवेश शिवून तिने आयुष्य काढलं. बाई स्वभावाने वाईट नाही, पण ती आणि मी तासभर एका खोलीत बसलो तर दोघांपैकी एकाला उगाच पाणी प्यायला उठावं लागतं. मी लिफ्ट दुरुस्त करतो. आमचं लग्न ठरलं तेव्हा आक्का सगळ्यांसमोर बहिणीला म्हणाली होती, "अगं, दिवसभर लिफ्टखालच्या खड्ड्यात उभा राहणारा माणूस निवडलास. ग्रीस धुता धुता म्हातारी होशील." ते मी विसरलो नाही, आणि मी विसरलो नाही हे आक्काही विसरली नाही.

एवढंच असतं तर मी पुतण्याला नाही म्हणून मोकळा झालो असतो. पण मधे एक गोष्ट होती आणि ती मी कुणालाच सांगितली नव्हती.

एका संध्याकाळी आमची ही स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. मी समोर बसून सोललेले दाणे खात होतो आणि शिव्या खात होतो. ती मधेच म्हणाली, "अहो, मी आधी गेले तर आक्काला इकडे आणा हं. तिला एकटी ठेवू नका."

"तू कशाला आधी जातेस? रक्तदाबाच्या गोळ्या मी खातो. माझाच नंबर पहिला."

"तुमचा नंबर आला तर मी बघीन. माझा आला तर तुम्ही आणा. हो म्हणा."

"बरं बाई, हो."

तिने शपथ घातली नाही, हात हातात घेतला नाही, काही नाही. दाणे काढत होती. मी हो म्हणालो कारण हो म्हणायला काही लागत नव्हतं. ती माझ्यापेक्षा लहान, धडधाकट. पुढे थंडीत तिला ताप आला, ताप छातीत उतरला, आणि थंडी संपायच्या आत घरात मी आणि लेक असे दोघंच उरलो.

"बाबा, एक बूट काढून झाला असेल तर दुसराही काढ आणि इकडे बस," लेक आतून म्हणाली. "आजपासून तू आई."

हे काय ते सांगायला हवं. लेक कॉम्प्युटरचं शिकते. तिची अभ्यासाची पद्धत शाळेपासून एकच. ही पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायची आणि लेक तिच्यासमोर उभी राहून धडा शिकवायची. ही काही फार शिकलेली नव्हती. पण तिला एक शब्द छान यायचा, "का?" तो ती पटेपर्यंत विचारायची. आईला पटलं की पेपरात लिहिता येतं, असं लेकीचं म्हणणं. थंडीतला डिस्क्रीट मॅथ्सचा, म्हणजे तर्काच्या गणिताचा, पेपर तिला देता आला नाही. का, ते सांगायला नको. आता त्याची फेरपरीक्षा सोमवारी होती.

मी पलंगावर बसलो. लेकीने कपड्यांचा ढीग माझ्यापुढे ठेवला. "हात रिकामे नकोत. आईचे नसायचे."

"बोला, मास्तरीणबाई."

"विधान म्हणजे असं वाक्य, जे एकतर खरं असतं नाहीतर खोटं. मधलं काही नाही."

"'बघतो' हे विधान आहे का?"

"नाही. ती तुझी सवय आहे." तिने फोन ऐकला होता तर. "आक्कामावशीचं तू ठरव. ती माझ्या खोलीत झोपली तरी माझं काही म्हणणं नाही. पण ठरव. आता ऐक. दोन विधानं घेतली, पी आणि क्यू. ती जोडायला शब्द लागतात. पहिला शब्द 'आणि'. 'पी आणि क्यू' हे कधी खरं? दोन्ही खरी असतील तेव्हाच. एक जरी खोटं पडलं तरी सगळं खोटं."

"दारांसारखं," मी म्हणालो.

"कसल्या दारांसारखं?"

"लिफ्टच्या. प्रत्येक मजल्याच्या दाराला एक कॉन्टॅक्ट असतो. दार लागलं की तो जुळतो. सगळे एकामागून एक एकाच तारेवर असतात. एक दार जरी उघडं राहिलं तरी तार तुटली, लिफ्ट उभी. पहिलं दार बंद आणि दुसरं बंद आणि तिसरं बंद, तेव्हा हलते."

लेक माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने कागदावर काहीतरी लिहिलं. "बरं. दुसरा शब्द 'किंवा'. यात एक खरं असलं तरी पुरे. आणि दोन्ही खरी असली तरी चालतं. इथे वर्गात निम्मी मुलं चुकतात. त्यांना वाटतं, किंवा म्हणजे दोन्हींपैकी एकच."

"मलाही तसंच वाटतं. चहा किंवा कॉफी विचारलं आणि मी दोन्ही म्हणालो तर तू मला घराबाहेर काढशील."

"ते बोलण्यातलं. गणितात दोन्ही मागता येतात."

"मग बटणासारखं. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर यायला तिथलं बाहेरचं बटण दाब किंवा आतलं दाब. दोघांनी दोन्ही दाबली तरी ती येतेच. तक्रार करत नाही."

"आणि 'नाही'?"

"तसला कॉन्टॅक्टही असतो. एरवी जुळलेला असतो, आणि दाबला की तुटतो. लिफ्ट थांबवायच्या लाल बटणाचा असतो तसला."

"आई 'का?' विचारायची," लेक म्हणाली. "तू उत्तरं देतोस. असं चालणार नाही." पण ती खूश होती. खूप दिवसांनी घरात कुणी मोठ्या आवाजात बोलत होतं. मी टॉवेलच्या घड्या घातल्या. त्या तिने नंतर सगळ्या मोडून पुन्हा घातल्या.

दुसऱ्या दिवशी एका सात मजली इमारतीत दोर बदलायचं काम होतं. माझ्याबरोबर लांब्या असतो. उंचीमुळे सगळे त्याला लांब्याच म्हणतात. खड्ड्यात उतरल्यावर त्याला शिडी लागत नाही. घरी आलो तेव्हा पाठ धरली होती आणि जेवताना डोळे मिटत होते. लेकीने ताट उचललं आणि वही उघडली.

"आज 'जर-तर'. हा सगळ्यात त्रासदायक आहे."

तिने कागदावर तक्ता काढला. चार ओळी. पी खरं, क्यू खरं. पी खरं, क्यू खोटं. पी खोटं, क्यू खरं. पी खोटं, क्यू खोटं. शेवटच्या रकान्यात 'पी तर क्यू' याचं उत्तर. पहिल्या ओळीत खरं, दुसऱ्या ओळीत खोटं, आणि खालच्या दोन्हींत खरं.

मी बराच वेळ त्या खालच्या दोन ओळी बघत होतो.

"का?" मी विचारलं.

"वा! विचारलंस एकदाचं."

"थट्टा नाही. पहिलंच खोटं आहे, आणि तू म्हणतेस सगळं वाक्य खरं. ते घडलंच नाही तर मी म्हणेन, मला माहीत नाही. नाहीतर म्हणेन, वाक्य बिनकामाचं. खरं कसं म्हणू?"

"कारण मधलं काही नाही. खरं नाहीतर खोटं. आणि खोटं म्हणायला ते कुठेतरी पकडता आलं पाहिजे."

"मला नाही पटत."

"थांब. समजा तू मला म्हणालास, तू पास झालीस तर तुला नवी सायकल घेऊन देईन."

"जुनीला काय झालंय?"

"बाबा! समजा म्हणालास. मी पास झाले आणि तू सायकल दिलीस. शब्द पाळलास. ही पहिली ओळ. आता मी नापास झाले आणि तू सायकल दिली नाहीस. तू खोटारडा का?"

"नाही. तू पासच झाली नाहीस."

"मी नापास झाले तरी तुला दया आली आणि तू दिलीस. खोटारडा?"

"नाही. मूर्ख असेन."

"मूर्ख चालेल. पण शब्द मोडला नाहीस. मग शब्द मोडतो कधी? एकदाच. मी पास झाले आणि तू दिली नाहीस. ही दुसरी ओळ. तेवढी एकच जागा आहे जिथे तू खोटा पडतोस. बाकी सगळीकडे तुझं वाक्य उभं आहे, तू काही केलंस किंवा नाही केलंस तरी."

हातात तिचा कुर्ता होता. त्याची घडी घालता घालता मी थांबलो होतो.

"पटलं?" ती म्हणाली.

"पटलं."

"लगेच? आईला यासाठी दोन संध्याकाळी लागल्या असत्या."

"मला झोप आलीय," मी म्हणालो आणि उठून गॅलरीत गेलो.

खाली एक माणूस स्कूटरला लाथा मारत होता. ती सुरू होत नव्हती. मी उभा राहून बघत होतो. ही जिवंत होती तेवढी सगळी वर्षं माझा शब्द खरा होता. मी आक्काला आणलं नाही, तिच्याकडे फारसा गेलोही नाही, तरी खरा. खालच्या ओळी. तिथे माणसाला काही करावं लागत नाही. ही असतानाच आक्काला आणलं असतं तरी शब्द खराच राहिला असता, आणि हिला बरं वाटलं असतं. ते सुचलं नाही. आता खालच्या दोन ओळी उरल्या नव्हत्या. आता वरच्या दोन होत्या, आणि मी दुसरीत उभा होतो.

पुतण्याला फोन करावा असं वाटलं. केला नाही. उद्या बघू म्हणून झोपलो.

शुक्रवारी एक चूक झाली. आमच्या कामात दाराच्या कॉन्टॅक्टमधे दोष आहे की पुढे कुठे, हे शोधायला आम्ही त्या कॉन्टॅक्टच्या दोन टोकांना एक छोटी तार लावतो. तिला जंपर म्हणतो. जंपर लावला की लिफ्टला वाटतं, दार बंद आहे. मग ती उघड्या दारानेही हलते. तपासणी झाली की आधी तार काढायची आणि मगच लिफ्ट लोकांसाठी चालू करायची. शिकताना पहिल्या आठवड्यात कानाला धरून हे शिकवतात. मी तार लावली, दोष सापडला, दुरुस्त केला, आणि वर मशीनच्या खोलीत जाऊन लिफ्ट चालू केली. तार तशीच राहिली.

लांब्या चौथ्या मजल्यावर दारात उभा होता. लिफ्ट त्याच्यासमोरून दार उघडं असताना खाली निघून गेली. शेजारच्या घरातल्या बाई भाजीच्या पिशव्या घेऊन दोन पावलांवर होत्या. लांब्याने हात आडवा घातला आणि ओरडला. मी वरून वीज तोडली.

कुणाला काही झालं नाही. बाई "आता मी जिन्यानेच जाते" म्हणून जिन्याने गेल्या. लांब्या वर आला. रागावला की तो हळू बोलतो.

"डोकं कुठे आहे?"

"राहिली तार."

"तार राहिली ते दिसलं मला. मी डोक्याचं विचारतोय. दार उघडं, आणि लिफ्टची गाडी चालली. आपला सगळा धंदा हे एक होऊ नये म्हणून आहे ना?"

"हो."

"दार बंद असेल तर गाडी चालली काय आणि उभी राहिली काय, मला फरक पडत नाही. उघडं असेल तर हलता कामा नये, बस. हे तू मला शिकवलंस."

मला हसू आलं. अशा वेळी हसू येणं बरं नाही, पण आलं. तो तक्ताच बोलत होता. चारांपैकी तीन ओळी ठीक आहेत, एक नाही.

"हसतोस काय? घरी जा," लांब्या म्हणाला. "मी आवरतो. दोन दिवस झोप. आणि जे काय चाललंय ते एकदाचं निस्तर. ही तार लावून तू किती दिवस हिंडणार आहेस?"

तो दारातल्या तारेबद्दल बोलत नव्हता, एवढं मला कळलं. घरी जाऊन झोपलो. उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि अंग आणखीच जड झालं होतं.

शनिवारी संध्याकाळी शेवटचा धडा होता. लेक घाबरलेली होती. घाबरली की ती भरभर बोलते.

"'जर पी तर क्यू' याच्यासारखं दिसणारं एक वाक्य आहे, 'जर क्यू तर पी'. ते वेगळं. त्यात फसायचं नाही. पण दुसरं एक आहे ते अगदी तेच. दोन्ही उलटायचे आणि दोन्हींना नाही लावायचं. 'जर क्यू नाही, तर पी नाही.' याला काँट्रापॉझिटिव्ह म्हणतात. तक्ता काढला तर ओळीला ओळ जुळते. म्हणजे पहिलं वाक्य खरं, तर हेही खरं. एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगितल्यासारखं. उदाहरण दे."

"तू दे."

"नाही, तू. पेपरात स्वतःची उदाहरणं द्यायला सांगतात. मला सुचत नाहीयेत, डोकं चालत नाहीये."

मी तोंड उघडलं आणि दाराचं, लिफ्टचं काहीतरी सांगणार होतो. पण मनात दुसरंच बसलं. पी म्हणजे, ही आधी गेली. क्यू म्हणजे, मी आक्काला घरी आणलं. हे उलटून आणि नाही लावून काय होतं?

आक्काला घरी आणलं नाही, तर ही गेली नाही.

"बाबा?"

"हे चूक आहे," मी म्हणालो. माझा आवाज जरा मोठा निघाला. "एखाद्याने एक गोष्ट केली नाही म्हणून झालेली गोष्ट न झालेली कशी होईल?"

"होत नाहीच. होते असं मी कुठे म्हटलं? पहिलं वाक्य खरं असेल तर हे खरं. आणि तुझ्या उदाहरणात क्यू केलं नाही पण पी झालेलंच आहे, असं असेल तर मग पहिलं वाक्यच खोटं पडलं. ती दुसरी ओळ. कुठलं उदाहरण आहे?"

मला वाटत होतं मी आक्काला टाळतोय. तिची जीभ, तिची जुनी बोलणी, ती आली की घरातले दिवे विझवत माझ्यामागे फिरेल, असली कारणं मी स्वतःला देत होतो. सगळी खरीच होती. पण दूधवाल्याला मी अजून "ताईंना विचारून सांगतो" म्हणतो, ताई म्हणजे ही. ती गेली हे वाक्य मी आजवर एकदाही तोंडाने म्हटलेलं नाही. लोकांना मी "हिचं असं झालं ना" एवढंच सांगतो, आणि लोक पुढचं विचारत नाहीत. आक्का घरात आली की कपाटात तिचे कपडे येणार. ते कुठे ठेवायचे? आणि ती इथे का राहते असं कुणी विचारलं तर काय सांगायचं? जोवर आक्का नाही, तोवर मला ते सांगावं लागत नव्हतं. शब्द मोडत होतो म्हणून मनाला टोचत होतं आणि तरी मोडत होतो, कारण पाळला की तो संपणार होता. तो हिच्या आणि माझ्यामधला शेवटचा शब्द होता.

मी लेकीला मटारांची गोष्ट सांगितली. ती पेन खाली ठेवून ऐकत होती.

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू आक्काला आणायला लावलं असतंस."

"मग?"

"मग आणावं लागलं असतं."

ती हसली नाही. "आईने मला हे कधी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"तिलाही कुठे वाटलं असेल की लागेल."

मग तिने माझ्या पुढ्यातला कपड्यांचा ढीग ओढून घेतला आणि स्वतःच घड्या घालायला लागली. "उद्या सकाळी जा," ती म्हणाली. "मी येत नाही, मला अभ्यास आहे. आणि हे काम तुझं आहे."

रविवारी सकाळी लांब्याचा टेम्पोवाला मेव्हणा मिळाला. आक्काची इमारत जवळजवळ रिकामी झाली होती. बऱ्याच दारांना कुलपं नव्हती, कारण आत काही नव्हतं. आक्काची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. ती पलंगावर बसली होती. पलंगावर गादी नव्हती, ती गुंडाळून दोरीने बांधलेली होती. शिवणाचं मशीन चादरीत बांधून दाराजवळ ठेवलं होतं. आक्काचा एक कान पार गेलाय आणि दुसरा मर्जीने चालतो.

"या, लिफ्टवाले," ती म्हणाली. "जिना चढून आलात? इथे लिफ्ट नाही ना."

"आक्का, तुम्हाला न्यायला आलोय."

"उद्या न्यायचं ठरलंय. पुतण्या येतोय. तिकडे कॉट मिळालीय, खिडकीजवळची."

"तिकडे नाही. घरी. माझ्याकडे."

"का?"

पुढे मी काय सांगणार होतो ते रस्त्यात ठरवून ठेवलं होतं. तुम्ही एकट्या आहात, लेकीलाही बरं वाटेल, असलं. त्यातलं काही सुचलं नाही.

"ती गेली म्हणून," मी म्हणालो.

"काय?"

"ती गेली म्हणून आलोय."

"मोठ्याने बोला. पुटपुटता काय?"

"ती गेली, आक्का!" मी ओरडलो. "ती गेली! मी आधी गेले तर आक्काला आणा म्हणाली होती, आणि ती गेली, म्हणून आलोय!"

रिकाम्या इमारतीत आवाज फार मोठा होतो. खालून टेम्पोवाल्याने हाक मारली, "काय झालं हो?" मी दाराची चौकट धरून उभा होतो.

आक्काने गादीची गुंडाळी सरकवून जागा केली. "बसा," ती म्हणाली. "पडाल."

मी बसलो. ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"मी रोज वाट बघत होते, तुम्ही हे म्हणाल म्हणून. फोन केलात तरी हवापाण्याचं बोलायचात. मला वाटायचं, या माणसाला कळलंय की नाही? माझी बहीण गेली हो. मी कुणाशी बोलू? पुतण्याशी? तो मला कॉट दाखवतो."

"चुकलं."

"चुकलं ते आता राहू द्या. पण मी एक सांगते. मी आले म्हणजे ती परत आली असं समजू नका. मला तिच्यासारखं गोड बोलता येत नाही आणि स्वयंपाकात तेल मी माझ्या हिशोबानेच घालणार."

"घाला."

"आणि पोरीच्या खोलीत दिवा चालू ठेवून कुणी झोपलं तर मी बंद करणार."

"ती अभ्यास करते."

"मग अभ्यास झाल्यावर बंद करणार." तिने डोळे पुसले आणि मशीनकडे बोट दाखवलं. "ते आधी खाली न्या. आडवं धरू नका, तेल सांडेल."

मी आणि टेम्पोवाला मशीन घेऊन उतरलो. मग गादी, ट्रंक, दोन पिशव्या, कात्र्यांचा डबा. पलंग तिने मागे ठेवला. खाली उतरल्यावर मी पुतण्याला फोन केला आणि कॉट सोडून द्यायला सांगितलं. तो "बरं झालं" म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरून त्याला खरंच बरं वाटलं असं दिसलं.

दुपारी घरी पोचलो. लेक दारात आली आणि तिने आक्काला मिठी मारली. आक्काने तिला "वाळलीस किती" म्हणून फटकारलं. जेवणं झाली. मग आक्का ट्रंक उघडून बसली आणि म्हणाली, "कपडे कुठे ठेवू?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी उठून कपाटाची डावी बाजू उघडली. थंडीपासून मी ती उघडली नव्हती. हिचे सगळे कपडे तिने ठेवले तसेच होते, घडीवर घडी, कडा जुळवून. मी वरच्या कप्प्याला हात लावला आणि तिथेच थांबलो.

आक्का उठून मागे येऊन उभी राहिली. "सरका," ती म्हणाली. तिने वरचे दोन कप्पे रिकामे केले, एकही घडी न मोडता, आणि ते कपडे माझ्या हातांवर ठेवत गेली. माझे हात भरले तसे लेकीच्या हातांवर ठेवले. मग ती खालच्या दोन कप्प्यांपाशी आली आणि तिने दार ओढून घेतलं.

"ते?" मी विचारलं.

"ते राहू देत. मला एवढे कपडे कुठे आहेत?"

मी आणि लेक हातांवर कपडे घेऊन खोलीच्या मधोमध उभे होतो. आता हे कुठे ठेवायचे हे दोघांनाही माहीत नव्हतं.